दुकानाने काढलेले चलन

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा ७०० हून अधिक जणांना ताब्यात घेतले गेले आणि त्यांतल्या सुमारे ७० जणांना अटक झाली. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिथल्या लोकांना फोनवर धमकावायचे आणि पैसे उकळायचे, हा त्या सेंटरांचा धंदा होता. बातमी देशभर गाजली. पण त्या गाजावाजात एक प्रश्न मागे पडला: अमेरिकेतल्या घाबरलेल्या माणसाचे डॉलर मीरा रोडच्या टोळीपर्यंत पोचत कसे होते? बँकेतून आले असते तर माग लागला असता. म्हणून त्या माणसाला जवळच्या दुकानात पिटाळायचे, अॅपल कंपनीच्या आयट्यून्सची गिफ्ट कार्डे विकत घ्यायला लावायची आणि कार्डामागचे आकडे फोनवर वाचून घ्यायचे. आकडे ऐकले की पैसे मिळाले. कार्ड अमेरिकेतच त्या माणसाच्या खिशात राहिले तरी चालत होते.

म्हणजे ठाणे जिल्ह्याची गिफ्ट कार्डाच्या गुन्ह्याशी ओळख जुनी आहे. तेव्हा कार्ड हे लुटीचा पैसा वाहून नेण्याचे साधन होते. आता दुकानाच्या संगणकात शिरून कार्डेच काढून घेतली जातात. त्यात दुकान बुडते, कर्मचारी भरडला जातो आणि कित्येकदा पैसे मोजून कार्ड घेतलेला ग्राहक काउंटरवरून रिकाम्या हाताने परत येतो. माझे म्हणणे असे, की गिफ्ट कार्ड विकणारे दुकान स्वतःचे चलन काढत असते. चलन काढणाऱ्यावर जी जबाबदारी येते ती दुकानाने पुरती उचलली पाहिजे, आणि ती उचलायला लावणे हे सरकारचे आणि रिझर्व्ह बँकेचे काम आहे. आज दोन्ही बाजूंनी टाळाटाळ चालू आहे.

या चोरीबद्दल ज्या टोळीची सर्वांत तपशीलवार नोंद झाली ती मोरोक्कोतली आहे. मायक्रोसॉफ्ट तिला 'स्टॉर्म-०५३९' म्हणते, काही संशोधक 'अ‍ॅटलास लायन' म्हणतात. २०२१ च्या अखेरीपासून ती सक्रिय आहे आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेची एफबीआय या दोघांनीही तिच्याविषयी जाहीर इशारे दिले. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण कुलूप फोडण्याचा भाग तिच्यात जवळजवळ नाहीच. सुरुवात एका एसएमएसने होते. साखळी दुकानांच्या कंपनीतल्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर, कधी ऑफिसच्या तर कधी खासगी नंबरवर, विश्वास बसेल असा संदेश येतो आणि सोबत लिंक. लिंक उघडली की कंपनीच्या लॉगिनसारखे हुबेहूब पान. कर्मचारी पासवर्ड टाकतो, ओटीपी टाकतो, आणि ते खोटे पान दोन्ही गोष्टी त्याच क्षणी खऱ्या पानाकडे सरकवून आत शिरते. आत गेल्यावर चोर स्वतःचे उपकरण त्या कर्मचाऱ्याच्या खात्याशी जोडून टाकतो. इथून पुढे ओळख पटवण्याची विचारणा चोराच्याच हातातल्या फोनवर येते.

मग तो घाई करत नाही. कंपनीच्या सामायिक फायली वाचतो, ईमेल वाचतो, गिफ्ट कार्ड कोण तयार करतो, मंजुरी कोण देतो, कोणत्या पोर्टलवरून देतो, हे शिकून घेतो. एका खात्यावरून दुसऱ्यावर उडी मारत त्या पोर्टलपर्यंत पोचतो आणि कंपनीच्याच माणसाच्या नावाने, कंपनीच्याच पद्धतीने कार्डे काढतो. काही कंपन्यांतून दिवसाला १ लाख डॉलरपर्यंतची कार्डे अशी गेल्याचे मायक्रोसॉफ्टने म्हटले आहे. पालो अल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये 'जिंगल थीफ' या नावाने जे प्रकरण मांडले, त्यात चोर एकाच कंपनीत सुमारे १० महिने ठाण मांडून होते आणि ६० हून अधिक खाती त्यांच्या ताब्यात होती. कंपनीच्या दप्तरात प्रत्येक व्यवहार रीतसर दिसत राहतो आणि म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

एफबीआयच्या इशाऱ्यात एक तपशील आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका कंपनीला ही चोरी लक्षात आली आणि तिने बनावट कार्डे काढण्याची वाट बंद केली. चोर पुन्हा एसएमएस पाठवून पुन्हा आत शिरले. या वेळी नवी कार्डे काढण्याच्या फंदात ते पडले नाहीत. आधी निघालेली पण अजून न वापरलेली कार्डे शोधून काढली, त्यांना जोडलेले ईमेल पत्ते बदलून स्वतःचे टाकले आणि ती वटवली. पहिल्या खेपेला खड्डा दुकानाच्या तिजोरीला पडला होता. दुसऱ्या खेपेला चोराचा हात जिथे गेला, तिथे कोणाच्या तरी वाढदिवसाची, कोणाच्या तरी बोनसची रक्कम पडून होती.

आत न शिरताही हे करता येते. २०१७ मध्ये 'गिफ्टघोस्टबॉट' नावाचा एक स्वयंचलित प्रोग्रॅम सापडला. दुकानांच्या संकेतस्थळावर 'कार्डातली शिल्लक पाहा' अशी जी सोय असते, तिच्यावर तो आकडे टाकून बघत बसायचा. सुमारे हजार संकेतस्थळांवर तो फिरला आणि ताशी सरासरी १७ लाख क्रमांक तपासत होता. ज्या क्रमांकात शिल्लक निघाली तो विकायचा किंवा वापरून टाकायचा. ग्राहकाच्या सोयीसाठी ठेवलेल्या खिडकीवर कोणी पहारा बसवला नव्हता, एवढेच त्यामागचे कारण.

चोरांना कार्डच का हवे, याचे उत्तर मीरा रोडने आधीच देऊन ठेवले आहे. कार्डावर नाव नसते. ज्याच्याकडे आकडे, त्याचे पैसे. बँकेतला व्यवहार थोपवता येतो, खाते गोठवता येते. इथे आकडे ऑनलाइन काळ्या बाजारात कमी किमतीला विकले जातात, घेणारा त्यावर मोबाइल किंवा सोन्याचे नाणे उचलतो आणि वस्तू हातात पडली की परतीचा रस्ता संपतो. शिवाय गर्दीचे दिवस चोरांना सोयीचे. मायक्रोसॉफ्टला या टोळीच्या हालचाली अमेरिकेतल्या सणासुट्ट्यांच्या तोंडावर वाढलेल्या दिसल्या. आपल्याकडे हा हंगाम दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा. वाशी, सीवूड्स, घोडबंदर रोड इथल्या मॉलमध्ये त्या दिवसांत बिलिंगच्या रांगा लागतात आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग कर्मचाऱ्यांसाठी व्हाउचर हजारांनी मागवतात. एका दिवसात पाच हजार कार्डे निघण्याची सवय असलेल्या यंत्रणेला त्यातली दोनशे खोटी कशी जाणवणार?

माझी मावसबहीण नवी मुंबईतल्या एका कपड्यांच्या दुकानात काही वर्षे बिलिंगला होती. ती सांगते, रात्री दुकान बंद करताना गल्ला दोघांनी मोजायचा, नोटांचा हिशेब वहीत लिहायचा, दोघांच्या सह्या, मग मॅनेजरची सही, आणि पन्नास रुपये कमी भरले तरी थांबून पुन्हा मोजणी. "आणि गिफ्ट कार्ड?" मी विचारले. "ते काय, स्कॅन केलं, रक्कम टाकली, झालं. त्याची मोजणी कोण करतंय?" तिच्या या एका उत्तरात सारा प्रश्न आला आहे. पन्नास रुपयांच्या नोटेमागे तीन सह्या आणि दहा हजारांच्या आकड्यामागे एकही नाही. नोट दुसऱ्याने छापलेली म्हणून तिची काळजी. आकडा आपणच तयार केला म्हणून तो फुकटचा वाटतो. पण तो आकडा बाहेर पडला की दुकानाला त्याच्या बदल्यात खरा माल द्यावा लागतो. रोकड आणि कार्ड यांत दुकानाच्या दृष्टीने फरक असेल तर तो इतकाच, की रोकड चोरायला चोराला ठाण्यात यावे लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रीपेड साधनांविषयी, म्हणजे आधी पैसे भरून नंतर वापरायची कार्डे आणि वॉलेट यांच्याविषयी, एकत्रित निर्देश काढले. बँक किंवा परवानाधारक कंपनी जे गिफ्ट कार्ड काढते, जे अनेक दुकानांत चालते, त्याला त्यांत नियम आहेत: कमाल रक्कम १०,००० रुपये, पुन्हा भरणा नाही, रोख काढता येणार नाही, विकत घेणाऱ्याची ओळख कंपनीने जपून ठेवायची. पण जे कार्ड एखादे दुकान फक्त स्वतःच्याच दुकानांसाठी काढते, ते या चौकटीच्या बाहेर. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. दहा बाय दहाच्या दुकानाने छापील कुपन दिले तर त्यात रिझर्व्ह बँकेने नाक खुपसू नये, हे बरोबरच आहे. पण देशभर शेकडो दुकाने असलेली साखळीही त्याच सवलतीत बसते. तिने कोट्यवधी रुपये आगाऊ गोळा केले तरी नियमाच्या दृष्टीने तिची कार्डे आणि गल्लीतले कुपन एकाच माळेत.

याचा परिणाम ग्राहकाला भोगावा लागतो. बँक खात्यातून तिसऱ्याच कोणी पैसे काढले, बँकेचीही चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. २०१९ मध्ये तो बँकेतर वॉलेट कंपन्यांनाही लागू झाला. दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला तो लागू नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-क आणि ६६-ड ही कलमे चोराला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात पाठवू शकतात, पण नुकसान कोणी सोसायचे यावर ती काही बोलत नाहीत. उरतो ग्राहक आयोग. दोन हजारांच्या कार्डासाठी ठाण्याच्या ग्राहक आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार? बहुतेक जण नशिबाला बोल लावून गप्प बसतात.

आणि इथेच मला सर्वांत जास्त चीड येते. न वापरलेल्या कार्डांचे काय होते, हे किती जणांना माहीत असते? कार्ड कपाटात राहते, मुदत संपते, शे-दीडशे रुपयांची शिल्लक कोणी वापरत नाही. हिशेबाच्या नियमांनुसार कंपनी अशी न वापरली जाणारी रक्कम अंदाजाने स्वतःच्या उत्पन्नात धरू शकते. भारतीय लेखामानक ११५ मध्ये त्याची तरतूद आहे. त्यात बेकायदा काही नाही. पण मग मांडणी अशी होते: ग्राहक विसरला तर पैसे दुकानाचे, आणि चोराने नेले तर पैसे ग्राहकाचे. पैसे आगाऊ मिळाले, त्यावर बिनव्याजी वापर मिळाला, उरलेसुरले उत्पन्नात गेले, आणि जोखीम मात्र समोरच्याच्या गळ्यात. असा व्यवहार कोणत्याही प्रामाणिक व्यापाऱ्याने न्याय्य म्हणू नये.

यावर दुकानदारांचे म्हणणे मी ऐकले आहे. पहिले म्हणजे, आम्ही स्वतःच लुटले जातो आहोत, आमच्यावर आणखी बोजा कशाला? लुटले जाता हे खरे. पण घरफोडी झालेल्या बँकेने खातेदारांना 'आमच्याकडे चोरी झाली, तुमचे पैसे गेले' असे सांगितले तर आपण ऐकून घेऊ का? ज्याच्याकडे पैसे ठेवायला दिले, त्याचे ते सांभाळण्याचे काम चोरीने संपत नाही. दुसरे म्हणणे, ओळख आणि तपासण्या वाढवल्या तर भेट देण्यातली सहजता जाईल. यात तथ्य आहे, आणि पाचशे रुपयांच्या कार्डासाठी आधार मागायला लावणारा नियम मलाही नको. पण चोरी होते ती पोर्टलमध्ये, कर्मचाऱ्याच्या खात्यातून. तिथे दुसऱ्या माणसाची मंजुरी, दिवसाची कमाल मर्यादा आणि जोडलेला ईमेल बदलला तर मूळ पत्त्यावर सूचना व चोवीस तासांची थांबणी, एवढे केले तर खरेदी करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

तिसरे म्हणणे मला विचारात पाडते. जांभळी नाक्यावरचा किंवा नौपाड्यातला एकांडा दुकानदार म्हणतो, मला हे सुरक्षेचे प्रकरण परवडणार कसे? त्याला परवडणार नाही, आणि त्याच्यावर ते लादूही नये. म्हणूनच सवलतीला आकाराची रेघ हवी. वर्षाला ठरावीक रकमेच्या वर कार्डे विकणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत आणा, त्याखालच्याला मोकळे सोडा. रेघ नेमकी कुठे ओढायची यावर वाद होऊ द्या. पण आज कुठलीच रेघ नाही आणि याचा फायदा नौपाड्यातल्या दुकानदाराला होत नाही, मोठ्या साखळ्यांना होतो.

या सगळ्यात कर्मचाऱ्याचे काय होते, हे फारसे कोणी बोलत नाही. समजा, ऐरोलीच्या एखाद्या आयटी पार्कमध्ये कोणा साखळी दुकानाचे मागचे ऑफिस आहे. रात्रपाळी करून कळव्याला परतणारी मुलगी लोकलमध्ये उभी आहे आणि तिच्या मोबाइलवर संदेश येतो, की उद्यापासून तुमचे लॉगिन बंद होईल. ती लिंक दाबते. तिने दाबली नाही तर तिच्या विभागातले आणखी कोणी तरी दाबणार आहे. हजार लोकांना संदेश गेला की एक जण फसतोच आणि चोराला एकच पुरतो. तरीही चौकशी सुरू झाली की बोट तिच्याकडे वळते. प्रशिक्षणात बसवले होते ना, मग लिंक का दाबली? माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातो. एका दाबलेल्या लिंकने लाखोंची कार्डे निघू शकत असतील तर दोष ती व्यवस्था उभारणाऱ्यांचा आहे. खोट्या पानावर चालतच नाही अशी लॉगिनची चावी, जी यूएसबीसारखी खिशात ठेवता येते, ती बाजारात मिळते. सगळ्या कर्मचाऱ्यांना नाही, निदान कार्डे काढण्याचा अधिकार असलेल्या मोजक्यांना तरी ती देणे मोठ्या कंपनीला जड नाही. ते न करता पगारातून कापून घेण्याची भाषा करणे हा त्या मुलीवरचा अन्याय आहे आणि चोराला त्याने काडीचा फरक पडत नाही. उलट शिक्षेच्या भीतीने पुढचा कर्मचारी चूक लपवतो आणि चोराला हवे असलेले तास त्याला आयते मिळतात.

तास इथे फार मोलाचे आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे कंपनीला बंधनकारक आहे. ग्राहकांसाठी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार गेली की बँकांना कळवून पैसे पुढे सरकण्याआधी गोठवण्याची व्यवस्था आहे, आणि वेळेत फोन झाला तर तिचा उपयोग होतो. राज्याच्या सायबर गुन्हे यंत्रणेचे, महाराष्ट्र सायबरचे, मुख्यालय तर नवी मुंबईतच, महापेला आहे. म्हणजे सामग्री आपल्या दारात आहे. मोठ्या कार्डविक्रेत्या साखळीला या गोठवण्याच्या व्यवस्थेत सक्तीने बसवले पाहिजे, म्हणजे १९३० वर फोन आला की बँक जसे खाते गोठवते तसा दुकानाने तो क्रमांक काही मिनिटांत बंद केला पाहिजे. आज ग्राहकाने दुकानाच्या हेल्पलाइनला फोन केला तर 'बिल घेऊन शाखेत या' असे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसण्याची मात्र गरज नाही. कार्डांचा घाऊक गिऱ्हाईक हा तुमच्या-माझ्यासारखा एकटा माणूस नसतोच. घणसोली, महापे, रबाळे, वागळे इस्टेट इथल्या कंपन्या, सहकारी पतपेढ्या, मोठ्या गृहसंस्था दिवाळीत कामगारांना आणि सुरक्षारक्षकांना देण्यासाठी घाऊक व्हाउचर घेतात. त्यांच्या हातात जी ताकद आहे ती ग्राहक आयोगाकडेही नाही. घाऊक खरेदीत सवलत किती टक्के, यावर ते आठवडाभर घासाघीस करतात. त्याच पत्रात आणखी दोन ओळी लिहाव्यात. कार्ड आमच्या माणसाने वापरण्याआधी कोणी दुसऱ्याने वटवले तर सात दिवसांत तेवढ्याच रकमेचे नवे कार्ड द्यावे लागेल, आणि घुसखोरी झाल्याचे कळताच ज्यांचे क्रमांक धोक्यात आहेत त्या सगळ्यांना त्याच दिवशी कळवावे लागेल. जी साखळी हे लिहून देणार नाही तिची ऑर्डर दुसरीकडे द्यावी. अर्धा टक्का सवलत कमी मिळाली तरी चालेल. ज्या सफाई कामगाराच्या हातात हजाराचे कार्ड पडते, त्याच्या घरात दिवाळीचे कपडे त्या हजारातून येतात. दिवाळीच्या घाऊक ऑर्डरी गणपती उठल्यावर निघू लागतात, म्हणजे या ओळी त्याआधी पत्रात गेल्या पाहिजेत.